वायरलेस ओव्हर-इअर हेडफोनची तुलना: आधी डोक्यावर नीट बसवा, मग ऐका

दोन हेडफोन आळीपाळीने चढवून अर्धं अर्धं गाणं ऐकलं, की त्यांतला जो जरा मोठ्याने वाजतो आणि ज्याचा बास जास्त असतो तो जवळजवळ नेहमीच जिंकतो. तासाभराने तोच हेडफोन कानाच्या पाळ्या दुखवू लागतो, टाळूवर भार टाकतो आणि त्यातलं गाणं नकोसं होतं. हे टाळायचं असेल तर तुलनेला थोडी शिस्त लागते. महागडी यंत्रं लागत नाहीत. स्वतःचा फोन, मापनासाठी आणखी एखादा फोन, चांगली ओळखीची चार-सहा गाणी, वही आणि एक-दोन मोकळ्या संध्याकाळी एवढ्यावर काम भागतं.

आवाज आणि आराम यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत मला पटत नाही, कारण ओव्हर-इअर हेडफोनमध्ये या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. अशा हेडफोनचा बास कानाभोवतीची गादी किती हवाबंद बसते यावर अवलंबून असतो. गादी आणि कातडी यांच्यात चष्म्याच्या काडीएवढी फट राहिली तरी खालचे स्वर निसटतात. हेडफोन नीट न बसवता दिलेलं आवाजाबद्दलचं मत त्या फटीबद्दलचंच असतं. म्हणून खालचा क्रम आरामापासून सुरू होतो.

पहिली पायरी: यादी छोटी करा

कंपनीच्या माहितीपत्रकातले बरेचसे आकडे तुलनेच्या कामाचे नसतात. '२० ते २०,००० हर्ट्झ' किंवा 'थेट ४०,००० हर्ट्झपर्यंत' या दाव्यातून त्या पट्ट्यात आवाज किती वरखाली होतो हे कळत नाही आणि सगळा फरक तर तिथेच असतो. ड्रायव्हरच्या, म्हणजे कपातल्या आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या, आकाराचंही तसंच. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ मध्ये ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर होता, २०२२ मध्ये आलेल्या एक्सएम५ मध्ये तो ३० मिलिमीटरचा झाला. मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज असा नियम नाही.

किमतीवरही फार विसंबू नये. ध्वनी-संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये अडीचशेहून अधिक हेडफोन आणि इअरफोनची मोजमापं तपासली, तेव्हा किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणता स्वर किती जोराने वाजतो) यांचा एकमेकांशी संबंध आढळला नाही. जास्त पैसे मोजल्यावर बांधणी, नॉइज कॅन्सलिंग (बाहेरचा आवाज यंत्राने पुसण्याची सोय), अ‍ॅप, माइक यांत फरक पडू शकतो. सुराचा समतोल मात्र प्रत्येक वेळी कानानेच तपासावा लागतो.

कागदावर पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच: वजन, सुट्या गाद्या मिळतात का, केबल लावून वाजतो का, घडी होते का आणि तुमच्या फोनशी जुळणारा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) आहे का. वजनांत किती तफावत असते ते पाहा: सोनी एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा आहे, सेनहायझर मोमेंटम ४ सुमारे २९३ ग्रॅमचा, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास. सुमारे १३५ ग्रॅमचा फरक हातात घेतल्यावर किरकोळ वाटतो, मानेला मात्र दुसऱ्या तासात जाणवतो. जड हेडफोन कायम वाईटच असं नाही, कारण वजन डोक्यावर कसं वाटलं गेलंय यावरही बरंच ठरतं. पण मान आधीच दुखरी असेल तर तीनशे ग्रॅमच्या पुढचे पर्याय मी इथेच बाजूला काढेन. दोन किंवा तीन हेडफोन ठेवा. त्याहून जास्त एकदम तुलनेला घेतले की डोक्यात गोंधळ होतो.

दुसरी पायरी: गाणं न लावता हेडफोन घाला

सुरुवातीला काही वाजवूच नका. गाणं चालू असलं की मन तिकडे जातं आणि टोचणं, दाबणं लक्षात येत नाही. हेडफोन घालून वीस-पंचवीस मिनिटं वाचत किंवा काम करत बसा.

आधी कानाची जागा तपासा. पूर्ण कान गादीच्या आत जायला हवा. कडेने कुठेही घासता कामा नये. लांबी-रुंदीइतकीच खोली महत्त्वाची. आतलं कापड किंवा जाळी कानाच्या वरच्या टोकाला टेकत असेल, तर सुरुवातीला काही वाटत नाही, पण अर्ध्या तासाने तो बिंदू ठणकायला लागतो. कान जरा बाहेर आलेले असतील तर ही एकच चाचणी यादीतले निम्मे हेडफोन बाद करू शकते.

मग पकड. जबड्याच्या सांध्यापाशी, कानाच्या खालच्या अंगाला दाब येतोय का बघा. नवा हेडफोन थोडा घट्ट असतो आणि वापराने सैलावतो, पण 'सैल होईल' या आशेवर दुखणारा हेडफोन घेऊ नये. पट्टा हाताने ताणून वाकवू नका; प्लास्टिकच्या बिजागऱ्या तिथेच तडकतात. पकड फार ढिली असली तर उलटा त्रास होतो: मान खाली घातली की हेडफोन पुढे सरकतो आणि गादीची कड उचलली जाते. मिनिटभर खाली बघा, मागे मान टाका, जांभई द्या, काहीतरी चावून खा.

टाळूवरचा दाब सगळ्यांत उशिरा जाणवतो. पट्ट्याखालची गादी अरुंद किंवा कडक असेल तर सगळं वजन एका बोटभर जागेवर येतं. हेडफोन काढल्यावर तिथे बोटाने दाबून पाहा. जागा हुळहुळी झाली असेल तर लांब बैठकीला हा हेडफोन चालणार नाही.

चष्मा लावणाऱ्यांनी ही पायरी चष्म्यासकटच करावी आणि रोजचाच चष्मा लावावा. जाड काडी दोन प्रकारे त्रास देते: गादी तिला कवटीवर दाबते आणि शिवाय तिच्या बाजूने फट पडते. मऊ, जाड मेमरी फोमची गादी काडीभोवती वळते. पातळ आणि कडक गादी वळत नाही. दाट केस, अंबाडा, क्लिप, मोठी कर्णफुलं, डोक्यावरचं वस्त्र यांचाही असाच परिणाम होतो. जसे रोज असता तसेच तपासायला बसा.

गादीच्या आवरणाबद्दल थोडं. कृत्रिम चामडं हवा अडवतं, त्यामुळे बास आणि बाहेरच्या आवाजाची अडवणूक चांगली होते, पण कानाभोवती घाम साचतो. कापडी किंवा मखमली गादी श्वास घेते, पण बास थोडा गळतो आणि बाहेरचं जास्त ऐकू येतं. दोन्ही गुण एका गादीत मिळणं अवघड आहे, तेव्हा तुम्हाला घाम किती येतो यावरून ठरवा.

तिसरी पायरी: फट आहे का ते शोधा

आता खालचे स्वर भरपूर असलेलं एखादं गाणं मध्यम आवाजात लावा. दोन्ही तळव्यांनी गाद्या अगदी हलक्या डोक्याकडे दाबा. बास एकदम वाढला तर गादी नीट बसलेली नव्हती. पट्ट्याची लांबी एकेक खाच बदलून पाहा, कप थोडा पुढे-मागे करा, गादीखाली अडकलेले केस काढा. तरीही दाबल्यावर बास उसळत असेल तर त्या हेडफोनचा आकार तुमच्या डोक्याला जुळत नाही. त्याच्या आवाजाची कितीही स्तुती वाचली असली तरी तो आवाज तुम्हाला मिळणार नाही. मग दोन्ही कानांत आवाज सारखा आहे का बघा: मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज देणाऱ्या) ध्वनिमुद्रणातला एकट्या माणसाचा आवाज बरोबर डोक्याच्या मध्यभागी यायला हवा. एका बाजूला ओढला जात असेल तर आधी गादी तपासा, मग हेडफोन फिरवून उलटा घाला. ओढ बाजू बदलून दुसऱ्या कानाकडे गेली तर दोष हेडफोनमध्ये आहे.

चौथी पायरी: सगळ्यांना सारखी परिस्थिती द्या

अ‍ॅपमधला इक्वलायझर (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करण्याची सोय) सपाट करा. स्पेशियल ऑडिओ, बास बूस्ट, 'सुधारित आवाज' वगैरे सगळं बंद. फोनमधले ध्वनी-परिणामही बंद. गाणी एकाच सेवेतून, एकाच दर्जात वाजवा. हेडफोन काढल्यावर गाणं थांबवणारा सेन्सरही बंद करा, नाहीतर पुढच्या मापनात तो सतत आडवा येईल.

कोडेकचं प्रकरण जरुरीपेक्षा जास्त गाजतं. एसबीसी हा कोडेक प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतो आणि त्याची नेहमीची वरची मर्यादा सेकंदाला ३२८ किलोबिट आहे. सोनीचा एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिटवर चालतो आणि सिग्नल कमजोर झाला की खालच्या पातळीवर येतो. आयफोनमध्ये एलडॅक किंवा एपीटीएक्स हे कोडेक नाहीत. तिथे एएसी हा कोडेक चालतो. आयफोन वापरणाऱ्याने एलडॅकसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. कोडेकांमधला फरक असतो, पण दोन हेडफोनच्या सुराच्या समतोलातल्या फरकापुढे तो फार लहान असतो. तुलनेसाठी दोन्हींत चालणारा एकच कोडेक ठेवा आणि विषय संपवा.

लॅपटॉपवर तपासणाऱ्यांनी एक सापळा लक्षात ठेवावा. मीटिंगचं एखादं अ‍ॅप मागे उघडं असेल आणि त्याने हेडफोनचा माइक धरून ठेवला असेल, तर नेहमीचं (क्लासिक) ब्लूटूथ फोन-कॉलच्या मार्गावर जातं. तिथे सॅम्पलिंग (आवाजाचे नमुने घेण्याचा वेग) सहसा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. आवाज अचानक सपाट, डबक्यातून आल्यासारखा झाला तर हेडफोनला दोष देण्याआधी असली अ‍ॅप बंद करून पाहा.

पाचवी पायरी: आवाजाची पातळी जुळवा

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. आपला कान मोठा आवाज 'मोठा' म्हणून ओळखेलच असं नाही. फरक एखाद्या डेसिबलचा असेल तर तो 'जास्त स्वच्छ', 'जास्त भरीव' असाच जाणवतो. शिवाय आवाज वाढला की बास आणि अगदी वरचे स्वर प्रमाणाबाहेर जास्त ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. म्हणून पातळी वेगळी असली की सुराचा समतोलही वेगळाच वाटतो.

घरगुती उपाय असा. जाड, सपाट पुठ्ठ्याला मधोमध छोटं भोक पाडा. मापनाच्या फोनचा माइक मागून त्या भोकाला लावा आणि हेडफोनचा एक कप पुढून पुठ्ठ्यावर सपाट टेकवा. दुसऱ्या फोनवरून हेडफोनला पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला अखंड सळसळाट) पाठवा, नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवा आणि आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपवर आकडा बघा. हा आकडा खऱ्या डेसिबलचा मानू नका, पण दोन्ही हेडफोनची मांडणी हुबेहूब सारखी असेल तर त्यांच्यातला फरक कामाचा असतो. त्यानंतर अंतिम जुळणी कानाने करा: ओळखीचा मानवी आवाज लावा, हेडफोन बदलत राहा आणि तो माणूस दोन्हींत सारख्याच जोराने बोलतोय असं वाटेपर्यंत व्हॉल्यूम हलवा.

फोनच्या व्हॉल्यूमच्या पायऱ्या मोठ्या असतात, त्यामुळे अचूक जुळणी बहुधा होत नाही. अशा वेळी चाचणी दोनदा करा. पहिल्यांदा 'अ' किंचित मोठा, दुसऱ्यांदा 'ब' किंचित मोठा. पसंती दोन्ही वेळा मोठ्या वाजणाऱ्याकडेच गेली तर समजा की आतापर्यंत फक्त व्हॉल्यूमच ऐकला. दोन्ही वेळा एकच हेडफोन आवडला तर त्या मताला वजन आहे.

सहावी पायरी: काय ऐकायचं

मानवी आवाजापासून सुरुवात करा. माणसाचं बोलणं आपण आयुष्यभर ऐकत असतो, त्यामुळे त्यातली खोट कानाला लगेच कळते. घरातल्या कोणाचा तरी ध्वनिमुद्रित आवाज असेल तर उत्तमच. पुरुषाचा आवाज छातीतून घुमतोय का, बाईचा आवाज पातळ किंवा नाकातून आल्यासारखा वाटतोय का, हे बघा. मग गाण्यातले 'स', 'श', 'च' ऐका. ते सुरीसारखे कापत असतील तर साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चढ आहे, आणि पहिल्या पाच मिनिटांत 'तपशीलवार' वाटलेला हाच चढ दोन तासांनी डोकं धरायला लावतो. उलट ही अक्षरं दबून गेली असतील तर आवाजावर चादर पडल्यासारखी वाटते.

बाससाठी तबला मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. डग्ग्यावर तळवा सरकवून काढलेल्या घुमाऱ्यात सूर हलतो. ही हालचाल ऐकू आली पाहिजे. नुसता 'धप्प' असा एकसुरी दणका येत असेल तर बास भरपूर असूनही बेढब आहे. दायाची चाट त्याच वेळी स्वच्छ, सुटी ऐकू यायला हवी. डग्गा वाजताच गायकाचा आवाज जाड होत असेल तर बास मधल्या स्वरांवर चढलाय. हीच परीक्षा बास गिटारवरही होते: एकामागून एक येणारे स्वर वेगवेगळ्या उंचीचे ऐकू येतात का, की सगळेच सारखे गुणगुणतात?

वरच्या स्वरांसाठी तानपुरा. जवारी नीट लावलेल्या तानपुऱ्यातून उपस्वरांची दाट झालर उठते. चांगल्या हेडफोनमध्ये ती सलग, वाहती राहते. ज्याच्या ट्रेबलमध्ये, म्हणजे वरच्या स्वरांत, एखादं टोक आहे त्यात झालरीतली एकच तार चमकत राहते. ड्रमसेटच्या झांजांचं शेवटपर्यंत विरत जाणं हीदेखील चांगली कसोटी. मग एखादं गजबजलेलं गाणं लावा आणि एका वाद्यावर लक्ष धरून त्याचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाठलाग करता येतो का पाहा. बंद कपांच्या हेडफोनमध्ये आवाजाचा विस्तार, म्हणजे तो डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटणं, मर्यादितच असतो. त्याला मी सगळ्यांत कमी महत्त्व देतो.

ऐकण्याची पद्धतही ठरवून घ्या. ध्वनीच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांतच पुसट होते, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा एका हेडफोनवर, लगेच दुसऱ्यावर असा ऐका आणि चालू असतानाच वहीत लिहा. 'मस्त', 'छान' लिहू नका. 'दुसऱ्या ओळीतला श टोचतो' असं लिहा. आपल्याला काय आवडायला हवं याचा ताण घेऊ नका. ध्वनी-उपकरणं बनवणाऱ्या हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी २०१२-१३पासून केलेल्या चाचण्यांत बहुसंख्य श्रोत्यांना चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारा समतोल आवडला, पण थोडा जास्त किंवा थोडा कमी बास पसंत करणारेही गट होतेच.

सातवी पायरी: नॉइज कॅन्सलिंग चालू करून पुन्हा ऐका

बऱ्याच हेडफोनमध्ये नॉइज कॅन्सलिंग चालू, बंद आणि केबलवर असे तीन वेगवेगळे आवाज मिळतात. ज्या स्थितीत रोज वापरणार त्याच स्थितीत अंतिम मत बनवा. हे तंत्र साधारण १ किलोहर्ट्झच्या खालच्या, अखंड चालणाऱ्या घरघरीवर सगळ्यांत चांगलं चालतं. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली होती, आणि इंजिनाचा आवाज नेमका अशाच जातीचा असतो. बोलणं, भांड्यांचा खणखणाट, रडणारं मूल यांना मुख्यतः गादीच अडवते, म्हणजे पुन्हा हेडफोन नीट बसण्यावरच येतो. पंख्याजवळ, रस्त्याच्या कडेला आणि वाऱ्यात तपासा. वाऱ्यात काही हेडफोनचे माइक फडफडतात. शांत खोलीत चालू केल्यावर कानात दडे बसल्यासारखं वाटत असेल, तर कमी तीव्रतेची सोय अ‍ॅपमध्ये आहे का बघा. काहींना ही जाणीव काही दिवसांत जाते, काहींना कधीच जात नाही.

कॉल आणि व्हिडिओ यांचं थोडक्यात उरकता येतं. गजबजाटात एक कॉल करून समोरच्याला मत विचारा. एखाद्या व्हिडिओत ओठ आणि शब्द जुळतात का पाहा. खेळांसाठी घेणार असाल तर ब्लूटूथचा उशीर नडेल, तेव्हा केबलची सोय हवीच.

आठवी पायरी: एकेका हेडफोनसोबत राहा

आता अदलाबदल थांबवा. परत करण्याची मुदत असेल तर तिचा उपयोग यासाठीच करा: दोन-तीन दिवस एकच हेडफोन, मग तेवढेच दिवस दुसरा. 'वाजवून वाजवून आवाज सुधारतो' असं जे म्हटलं जातं त्यात मोठा भाग आपल्या कानाच्या सवयीचा असतो, आणि थोडा गादी मऊ होऊन नीट बसण्याचा. म्हणून पहिल्या दिवसाचं आणि तिसऱ्या दिवसाचं टिपण शेजारी ठेवून वाचा. दोन गोष्टी मुद्दाम नोंदवा: हेडफोन काढावासा किती वेळाने वाटला, आणि व्हॉल्यूम न कळत किती वाढवला. जो कमी आवाजातही पुरेसा वाटतो तो कानांसाठीही चांगला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती फक्त ४ तासांवर येते.

आराम उत्तम असेल आणि आवाजात एखादीच खटकणारी गोष्ट असेल, तर इक्वलायझर वापरा. थोडा जास्त बास किंवा टोचणारा 'श' दोन-तीन डेसिबल कमी करणं सोपं आहे. दुखणारी टाळू कुठल्याच अ‍ॅपने थांबत नाही. त्यामुळे दोघांत बरोबरी झाली तर मी डोक्यावर हलका वाटणाराच निवडेन. इंटरनेटवरचे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचे आलेख इक्वलायझर लावताना मदतीला येतात, मात्र एकाच मापन-यंत्रावरचे आलेख एकमेकांशी ताडा, आणि साधारण ८ किलोहर्ट्झच्या वरच्या बारीक खाचा-टोकांवरून निष्कर्ष काढू नका. तिथे गादी जराशी हलली तरी रेघ बदलते.

पैसे देण्याआधी सुट्या गाद्यांची चौकशी परत एकदा करा. रोजच्या वापराने फोम दबतो, आवरण सोलवटतं, कान आतल्या जाळीला टेकू लागतात आणि बास गळतो. गाद्या घरी बदलता येतात का, आणि मूळ कंपनीच्याच मिळतात का हे पाहा, कारण वेगळ्या जाडीची गादी लावली की कान आणि ड्रायव्हर यांच्यातलं अंतर बदलतं आणि पारखून घेतलेला आवाजही बदलतो.